कार्बन चाके घेण्याआधी आपल्या सायकलचा ब्रेक कोणता ते पाहावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यातील एक महाविद्यालयीन मुलगा गेल्या पंधरवड्यात माझ्या घरी आला होता. वडिलांना उसाचे बिल मिळाले, त्यातले चाळीस हजार रुपये त्यांनी त्याला सायकलसाठी दिले, आणि त्या पैशांतून पन्नास मिलिमीटर खोल रिमची कार्बन चाके घ्यायची हे त्याने ठरवूनच टाकले होते. मोबाईलवर त्याने दाखवलेली जोडी वापरलेली होती. तिच्यावर नामांकित कंपनीचे नाव होते आणि किंमत नव्या चाकांच्या निम्म्याहूनही कमी होती. त्याची सायकल रिम ब्रेकची आहे आणि बहुतेक रविवारी तो मित्रांबरोबर जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाकडे जातो. मी त्याला ही चाके घेऊ नकोस असे सांगितले. तो हिरमुसला, आणि केवळ ‘नको’ म्हणून त्याची समजूत पटणार नव्हती, हेही मला दिसले. त्याला जे सविस्तर सांगितले तेच येथे लिहीत आहे, कारण बेळगाव, निपाणी, चंदगड, खानापूर या पट्ट्यात रोड बाईक (पक्क्या रस्त्यावर वेगाने चालवायची सायकल) घेणारी मुले झपाट्याने वाढत आहेत आणि कार्बन चाकांचा मोह त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाला आहे.

मी उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये सव्वीस वर्षे काम करतो आणि वीस वर्षांहून अधिक काळ सायकल चालवतो. धातू तापला की काय होते हे रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे असेल, पण चाकाचा विचार करताना माझ्या मनात पहिला प्रश्न वजनाचा येत नाही, उष्णतेचा येतो. रिम ब्रेकच्या सायकलीत ब्रेकचे रबर थेट रिमवर घासते आणि उतारावर आपण जी गती रोखतो ती सगळी रिममध्येच उष्णता होऊन उतरते. याचा हिशेब अगदी शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. आंबोलीहून सावंतवाडीच्या बाजूला घाट उतरताना आपण पाचशे मीटरच्या आसपास खाली येतो. स्वार, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ऐंशी किलो धरले, तर त्या उतरणीत सुमारे चार लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला साधारण सव्वातीन लाख ज्यूल लागतात. यातला बराच वाटा वारा नेतो हे खरे. पण जो भित्रा किंवा नवखा स्वार वळणावळणाला ब्रेक धरून सावकाश उतरतो, त्याच्या बाबतीत वाऱ्याचा वाटा कमी होतो आणि रिमचा वाढतो.

अ‍ॅल्युमिनियमची रिम ही उष्णता चटकन पसरवते आणि हवेत सोडून देते. कार्बन रिम म्हणजे कार्बनचे धागे आणि त्यांना बांधून ठेवणारी एपॉक्सी राळ. ती उष्णता पसरवत नाही, त्यामुळे घासणाऱ्या पट्ट्यावरच ताप साचतो आणि एका मर्यादेपलीकडे राळ मऊ पडू लागते. त्याच वेळी टायरमधील हवा तापून तिचा दाब वाढलेला असतो आणि तो रिमच्या दोन्ही भिंती बाहेर ढकलत असतो. मऊ पडलेली भिंत फुगते, थर सुटतात, आणि वाईटात वाईट म्हणजे टायर रिमवरून निघतो. चांगल्या कंपन्यांनी अधिक तापमान सोसणारी राळ वापरून हा धोका पुष्कळ कमी केला आहे. परंतु कोणी कोणत्या घाटात किती वेळा तापवली हे ज्या रिमबद्दल सांगता येत नाही, ती वापरलेली रिम घेणे म्हणजे तो धोका पुन्हा पदरात घेणे होय.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. सहा वर्षांपूर्वी मीही अशीच एक वापरलेली कार्बन जोडी ओळखीतून स्वस्तात घेतली होती. सप्टेंबरच्या एका सकाळी शिनोळी, पाटणे फाटामार्गे आंबोलीला पोहोचलो तेव्हा भुरभुर पाऊस होता. घाटाच्या पहिल्या वळणावर दोन्ही ब्रेक दाबले आणि चाकाने काही क्षण दादच दिली नाही. ओल्या कार्बनवर रबर पकडायला वेळ लागतो, हे मी वाचले होते, पण हाताने अनुभवले ते त्या वळणावर. पुढे घाबरून मी ब्रेक धरूनच उतरू लागलो. धबधबा मागे पडल्यावर थोड्या वेळाने पुढच्या ब्रेकच्या दांडीत ठोके जाणवू लागले, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक. थांबून रिमवरून बोट फिरवले तर एका जागी हरभऱ्याच्या डाळीएवढा उंचवटा आला होता आणि जळाल्यासारखा वास येत होता. उरलेला घाट मी सायकल हातात धरून पायी उतरलो आणि टेम्पोने घरी आलो. माझ्याबरोबर घरून निघालेला पुतण्या त्या दिवशी माझ्या मागे पन्नास पावलांवर होता. मी पडलो असतो तर तो माझ्यावरच आदळला असता, हा विचार आजही मनातून जात नाही.

अशी चाके आता इतकी स्वस्त का मिळतात, याचे कारणही मुलांना कळले पाहिजे. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०१८ मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्क ब्रेकला कायमची मान्यता दिली आणि पुढच्या काही वर्षांत मोठ्या कंपन्यांच्या महागड्या सायकली जवळजवळ सगळ्याच डिस्क ब्रेकच्या झाल्या. ज्यांनी सायकली बदलल्या त्यांची जुनी रिम ब्रेकची कार्बन चाके बाजारात आली. ती स्वस्त आहेत ती मालकाला नड आहे म्हणून नव्हे. त्यांना मागणी उरलेली नाही आणि त्यांचे आयुष्य बरेचसे संपलेले आहे म्हणून. सपाट प्रदेशात कोरड्या हवेत त्यांचा वापर कोणी करत असेल तर त्याला माझा फारसा विरोध नाही. विजापूर, बागलकोटच्या बाजूला सायकल शर्यतींची मोठी परंपरा आहे आणि तिकडचे रस्ते बरेचसे मोकळे व सपाट आहेत. आपल्याकडे मात्र पश्चिमेला कोठेही निघालो तरी शेवटी घाट आहे आणि वर्षातले चार महिने त्या घाटात पाऊस आहे.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ज्याच्या सायकलला रिम ब्रेक आहेत आणि खर्चाला मर्यादा आहे, त्याने कार्बनचा विचार सोडावा आणि उत्तम अ‍ॅल्युमिनियमची चाके घ्यावीत. दीड हजार ते सोळाशे ग्रॅमची चांगली अ‍ॅल्युमिनियम जोडी कार्बनच्या निम्म्या खर्चात होते, हाताने स्पोक भरून घेतली तर कारागिराच्या नजरेखाली होते, आणि ओल्या घाटात ती लगेच पकडते.

मुलगा म्हणाला, “पण काका, वजन?” हा प्रश्न रास्त आहे. सायकलबरोबर आलेली साधी चाके अठराशे ते दोन हजार ग्रॅमची असतात, तर मध्यम किमतीची कार्बन चाके चौदाशे-पंधराशे ग्रॅमची. म्हणजे चार-पाचशे ग्रॅमची बचत. परंतु घाट चढताना वजन उचलायचे असते ते स्वारासह सगळे मिळून ऐंशी किलोचे, आणि चारशे ग्रॅम हा त्याचा अर्धा टक्का आहे. सावंतवाडीकडून आंबोली चढायला ज्याला पन्नास मिनिटे लागतात त्याचे यातून सुमारे पंधरा सेकंद वाचतील. फिरणाऱ्या भागाचे वजन दुप्पट मोजावे असे जे सांगितले जाते, ते फक्त गती वाढवताना लागू पडते. एका लयीत घाट चढताना नाही. शर्यतीत पंधरा सेकंद मोलाचे असतात, हे मला मान्य आहे. रविवारच्या फेरीत चाळीस हजार रुपये देऊन ते विकत घ्यावेत का, हे ज्याचे त्याने ठरवावे. आकडा मात्र खरा माहीत असावा.

वाऱ्याचा फायदा याहून मोठा आहे, तरी जाहिरातीत दिसतो तेवढा नाही. खोल रिम हवा कापते ती मुख्यतः वेगात. कंपन्यांचे आकडे बहुधा ताशी ४५ किलोमीटरच्या वाऱ्यात मोजलेले असतात आणि हवेचा रोध मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ४५ च्या वेगाला पंधरा वॅट वाचत असतील, तर ३० च्या वेगाला चार-साडेचारच वाचतात. शिवाय हवेला सर्वांत मोठा अडथळा चाकांचा नव्हे, स्वाराच्या शरीराचा असतो. कोपर वाकवून, पाठ खाली ठेवून तासभर बसता येणे हा पैसा न लागणारा फायदा आहे, आणि तो मिळवायला मुले सर्वांत कमी वेळ देतात याची मला खंत वाटते.

ज्यांच्या सायकली डिस्क ब्रेकच्या आहेत त्यांच्यासाठी मात्र चित्र वेगळे आहे. तेथे ब्रेकची उष्णता पोलादी डिस्कमध्ये जाते, रिमचा तिच्याशी संबंध येत नाही, आणि तीस-चाळीस हजारांपासून पुढे मिळणारी कार्बन चाके विचार करण्याजोगी ठरतात. यांतली बरीचशी चीनमधील कारखान्यांतून येतात. शियामेन शहर हे या उद्योगाचे मोठे केंद्र आहे. चिनी म्हणजे वाईट असे मी मानत नाही. अनेक नामांकित कंपन्यांच्या रिमाही आशियातच बनतात, आणि यांतल्या काही कारखान्यांचे काम मी हातात घेऊन पाहिले आहे. ते नीट असते. प्रश्न असतो तो कोणते चाक आपल्या रस्त्याला सोसेल हा.

आपल्या रस्त्यांचे वर्णन मी वाचकांना वेगळे सांगायला नको. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी संकेश्वर, चिकोडीकडील रस्त्यांच्या कडा खचतात, गावागावांत न रंगवलेले गतिरोधक असतात, आणि पावसाळ्यानंतर जांबोटी रस्त्यावरचे खड्डे पहाटेच्या उजेडात दिसत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमची रिम खड्ड्यात आपटली तर चेंबते आणि बहुधा घरापर्यंत आणते. कार्बनची रिम एक तर काही होऊ देत नाही, नाही तर तडकते. मधली अवस्था थोडी. म्हणून फार हलक्या रिमच्या मागे न लागता पंधराशे ग्रॅमच्या आसपासची, पुढे-मागे चोवीस स्पोकची जोडी घ्यावी. स्वार ऐंशी किलोच्या पुढचा असेल तर मागे अठ्ठावीस. रिमची आतली रुंदी एकवीस ते तेवीस मिलिमीटर असावी आणि तीवर अठ्ठावीस किंवा तीसचा टायर बसवावा, अर्थात फ्रेममध्ये तेवढी जागा आहे का हे आधी मोजून. रुंद टायरात हवा कमी ठेवता येते आणि खड्ड्याचा मार रिमपर्यंत पोहोचण्याआधी टायर तो झेलतो.

रिमची खोली पस्तीस ते पंचेचाळीस मिलिमीटर पुरेशी आहे. पन्नासच्या पुढे गेले की आडव्या वाऱ्यात पुढचे चाक ओढ घेते. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि महामार्ग ४८ वरून जाताना तो बऱ्याच ठिकाणी कुशीवर लागतो. त्यात शेजारून बस गेली की क्षणभर वारा तुटतो आणि पुन्हा आदळतो. पंचावन्न किलोच्या मुलाला ती धडक सांभाळणे कठीण आहे.

आता ज्या बाबीवर मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती. अलीकडे पुष्कळ स्वस्त आणि काही महाग कार्बन रिमा हुकलेस असतात, म्हणजे टायरची कड अडकवून धरणारी आतली घडी त्यांना नसते. कारखान्याला अशी रिम बनवणे सोपे आणि स्वस्त पडते. पण या रिमवर केवळ तिच्यासाठी मान्य असलेले ट्यूबलेस टायर चालतात आणि हवेची कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय आहे. आपल्याकडे शंभर-एकशेदहा पीएसआय भरून टायर दगडासारखा कडक करण्याची जुनी सवय आहे आणि पंपावरील काट्यावर विसंबता येत नाही. २०२४ च्या यूएई टूर शर्यतीत थॉमस डी गेंड्ट या बेल्जियन स्वाराचा टायर हुकलेस रिमवरून निघून तो पडला. रिमला आधी जोराचा मार बसला होता असे सांगण्यात आले. तरीही त्यानंतर व्यावसायिक स्वारांच्या संघटनेचे अध्यक्ष अ‍ॅडम हॅन्सन यांनी अशा रिमांविरुद्ध उघड भूमिका घेतली. ज्यांच्या मागे मेकॅनिकांची गाडी असते त्यांच्यात हा वाद असेल, तर चंदगडच्या रस्त्यावर एकट्या पंक्चर झालेल्या मुलाने, हाताला मिळेल तो टायर चढवण्याची वेळ येऊ शकते हे जाणून, हुक असलेलीच रिम घ्यावी. विक्रेत्याला हा एक प्रश्न स्पष्ट विचारावा, आणि उत्तर मोघम आले तर दुसरीकडे जावे.

हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, बाबतीत माझा सल्ला माझ्या पेशातून आला आहे. हबमधले बेअरिंग सर्वसामान्य क्रमांकाचे आहे का हे पाहावे. ६९०२ सारखा क्रमांक त्याच्या सीलवर छापलेला असतो आणि बेळगावात बेअरिंगच्या दुकानात तो मागितला की मिळतो. सिरॅमिक बेअरिंगवर पैसे घालण्याचे कारण नाही. स्पोक वाकड्या डोक्याचे, सहज मिळणारे असावेत. निपल, म्हणजे स्पोक आवळायचे छोटे नट, रिमच्या बाहेर असावे, म्हणजे चाक आउट (वेडेवाकडे) झाले तर टायर न काढता आउट काढता येतो. आणि ते निपल पितळेचे असावे. अ‍ॅल्युमिनियमचे निपल कार्बनला लागून ओलाव्यात गंजते, आणि कणकुंबीच्या पावसात दोन हंगाम काढलेल्या चाकांची अशी निपले चावी लावताच तुटलेली मी पाहिली आहेत. धुरा, डिस्क बसवण्याची पद्धत आणि फ्रीहब (मागच्या दातेरी चक्रांचा संच, म्हणजे कॅसेट, ज्यावर बसतो तो हबचा भाग) आपल्या सायकलशी जुळतो का, हे मेकॅनिकला दाखवूनच मागवावे. नवी चाके आली की ती फिरवून पाहावीत. डायल गेजवर (डोल मोजायच्या काट्याच्या मापकावर) अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त डोलणारे नवे चाक मी परत पाठवायला सांगतो.

किमतीचा हिशेब करताना परदेशी विक्रेत्याने दाखवलेला आकडा अंतिम धरू नये. सीमाशुल्क वस्तूच्या किमतीवर वाहतूक आणि विमा मिळवून आकारले जाते, त्यावर जीएसटी लागतो, आणि कुरिअर कंपनीचे बिल पुष्कळदा पार्सल आल्यावर हातात पडते. चाक तडकले तर हमी कागदावर असते, पण ते परत पाठवण्याचा खर्च बहुधा आपल्याच माथी येतो. चार-पाच हजार जास्त गेले तरी चालतील, परंतु भारतात बिल देणाऱ्या आणि स्वाराच्या वजनाची मर्यादा लेखी सांगणाऱ्या आयातदाराकडून घ्यावे. लाखाच्या पुढची नामांकित चाके पंचवीस हजारांना ‘नवी’ म्हणून कोणी देत असेल, तर ती त्या कंपनीची नाहीत. स्टिकर तेवढे तिचे आहेत.

आणि या सगळ्याच्या आधी टायर. सरावाचे जाड टायर काढून चांगले शर्यतीचे टायर लावले, तर जोडीमागे दहा-पंधरा वॅट वाचू शकतात, आणि ते ३० च्या वेगालाही वाचतात. एवढा फरक कोणतीही कार्बन रिम त्या वेगाला देत नाही. पातळ टीपीयू (रबराऐवजी प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या) ट्यूबने आणखी सत्तर-ऐंशी ग्रॅम प्रत्येक चाकामागे कमी होतात. फक्त रिम ब्रेकवाल्यांनी निर्मात्याची उष्णतेबाबतची सूचना वाचल्याशिवाय ती घालू नये.

त्या मुलाला मी कागदावर मांडून दिले ते असे: हाताने बांधलेली अ‍ॅल्युमिनियमची जोडी वीस हजारांत, टायर आणि ट्यूब आठ हजारांत, ब्रेकची नवी रबरे आणि केबल दोन हजारांत. दहा हजार वडिलांना परत. तो कागद घेऊन गेला आहे. त्याने अजून काही कळवलेले नाही.

आपल्या दैनिकाच्या माध्यमातून दोन विनंत्या करतो. वापरलेली चाके विकणाऱ्यांनी ती रिम ब्रेकची की डिस्कची, हुक आहे की नाही, आणि चाक कधी पडले-आपटले आहे का, हे जाहिरातीतच लिहावे. आणि गावोगावच्या यात्रांत ज्या सायकल शर्यती होतात, त्यांच्या पंचांनी शर्यत सुटण्यापूर्वी प्रत्येक कार्बन रिमच्या ब्रेकच्या पट्ट्यावरून आणि स्पोकच्या भोकांभोवती एकदा बोट फिरवावे. एका सायकलीला मिनिटही लागत नाही, आणि माझ्या रिमवरचा तो उंचवटा त्या दिवशी घाटात मलाही बोट फिरवल्यावरच सापडला होता.

आपला,
एक सायकलस्वार वाचक,
अनगोळ, बेळगाव